ओसरीवरची श्रोती

त्या वर्षी आमचा ग्रंथ वेळेआधीच संपला.

वर्षावासाचे तीन महिने आमच्या भद्रावतीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. आषाढी पौर्णिमेला सुरुवात, आश्विन पौर्णिमेला समारोप. समारोपाला चंद्रपूरहून भन्तेजी येतात, खीर होते, फोटो निघतात. ग्रंथ त्या दिवसापर्यंत पुरवून पुरवून वाचायचा असतो. पण त्या वर्षी वाचनाचं काम पोस्टातून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे होतं, आणि त्या शिक्के मारल्यासारख्या वाचतात. आम्ही डोळे मिटून ऐकत होतो, निदान डोळे तरी मिटलेले होते. एका संध्याकाळी बाईंनी ग्रंथ रुमालात गुंडाळला आणि "झालं" म्हणाल्या. समारोपाला अजून चांगले तीन आठवडे होते.

महिला मंडळाची अध्यक्ष म्हणजे माझी थोरली नणंद. मी तिला 'बाई' म्हणते, ती मला 'मास्तरीन' म्हणते. मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते हे तिला पंचवीस वर्षांत कधी फारसं कौतुकाचं वाटलेलं नाही.

"आता का करता?" बाई म्हणाली. "पुन्हा पयल्यापासून वाचा."

"अन् अर्ध्यात समारोप करता का?" पोस्टातल्या बाई फणकारल्या. आपल्या वेगाचा त्यांना अभिमान होता, त्याबद्दल त्या ऐकून घेणार नव्हत्या.

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. पुस्तकाचं काही अडलं की माझ्याकडे पाहायचं आणि एरवी स्वयंपाकाच्या पातेल्यांकडे पाठवायचं, असा आमच्या मंडळाचा रिवाज आहे. माझ्या पिशवीत चंद्रपूरच्या वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक होतं. एका बाईचं आत्मकथन. चांगली शिकलेली, नोकरी करणारी बाई. तिचं डोकं फिरलं, म्हणजे तिला आजार झाला. घर सुटलं आणि ती काही वर्षं रस्त्यावर, फलाटांवर राहिली. नंतर औषधांनी सावरली आणि तिनं हे सगळं लिहून काढलं. मी म्हटलं, हे वाचू या.

"विहारात येड्यायचं पुस्तक?" बाईचा आवाज ओसरीपर्यंत गेला असणार.

आणि ओसरीवर तर ती होतीच.

तिच्याबद्दल आधी सांगते. उन्हाळ्याच्या शेवटी केव्हातरी ती गावात आली आणि विहाराच्या ओसरीवर कोपरा धरून राहिली. वय चाळीस असेल, नाहीतर साठही. अंगावर दोन लुगडी एकावर एक, तीन बोचकी, एक जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं. बोलायची ती बहुतेक स्वतःशीच, कधी कोणाला तरी दटावल्यासारखी. कुठली म्हणून विचारलं की हात लांब करून अख्खं जंगल दाखवायची. त्या हाताच्या रेषेत गडचिरोली आलं, सिरोंचा आलं, पलीकडचा तेलंगणाही आला. आमच्या वंदनेला तिची हजेरी पक्की. वंदना संपली की आम्ही तीनदा 'साधू' म्हणतो, ती ते बाहेरून म्हणायची, पण तिच्या मर्जीनं. कधी मधेच, कधी पोस्टातल्या बाई एखाद्या शब्दावर अडखळल्या की नेमकं तेव्हा. त्यामुळे पोस्टातल्या बाईंचं तिच्याशी आधीपासूनच वाकडं होतं.

बाकीच्यांच्या तक्रारी नेहमीच्याच. दिवसभर लोळते. वास येतो. काम सांगितलं तर करत नाही. समारोपाला चंद्रपूरचे पाहुणे येणार, त्यांना ओसरीवर हे दिसणार. त्यावर बाईनं तोडगा काढला. तिचा जावई कोरपन्याहून सिमेंट भरून तेलंगणात ट्रक नेतो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्याची फेरी होती. तिला ट्रकमध्ये बसवायचं आणि पलीकडे एखाद्या मोठ्या गावाच्या स्टँडवर सोडायचं, तिथं लंगर असतं, देवळं असतात, पोट भरतं, असं सगळ्यांनी एकमेकींना समजावलं. ही सभा विहाराच्या पायरीवर, चहा पिताना झाली. कोणी 'पण' म्हणालं नाही. मीही नाही; मी चहात साखर जास्त झाली एवढंच म्हणाले होते.

तर पुस्तक. बाईचा विरोध टिकला नाही, कारण दुसरा उपाय म्हणजे पाककृतीचं पुस्तक होतं. वाचायला पोस्टातल्या बाईंना दिलं नाही, मी घेतलं.

पहिल्या दोन दिवसांत निम्म्या जणी पेंगल्या. तिसऱ्या दिवशी ती लेखिका घरातून बाहेर पडते ते प्रकरण आलं, आणि मंडळ जागं झालं. त्या पुस्तकातला भाऊ काही फार दुष्ट नव्हता. तो नुसता कंटाळला होता. पण आमच्या बाईनं त्याला असा धरला की मला दर दोन ओळींनी थांबावं लागायचं.

"मेला! सख्खी बहीन हाय ना तुही? दार काऊन लावतं?"

"बाई, तो आत्ता इथं नाही."

"असता तं सांगतली असती त्याले!"

पुढे एक भाग होता, त्यात ती लेखिका सांगते की रस्त्यावर ती रात्री झोपायचीच नाही. बाईच्या जातीला रात्री रस्त्यावर झोपणं परवडत नाही. ती दिवसा झोपायची, गर्दीत, उजेडात, लोक शिव्या देत जाताना, कारण शिव्या देणारे लोक आजूबाजूला आहेत तोवर आपण सुरक्षित आहोत हे तिला कळलं होतं. मी ते वाचलं आणि पान उलटलं. मग एकेक मान हळूच खिडकीकडे वळली. बाहेर ओसरीवर ती भिंतीला टेकून झोपली होती, संध्याकाळच्या उजेडात, आमच्या चपलांच्या शेजारी. 'दिवसभर लोळते' हे वाक्य त्यानंतर मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

असंच बोचक्यांचं झालं. पुस्तकातल्या बाईच्या गाठोड्यात काय काय होतं आणि का होतं, हे एका प्रकरणात आलं. कुठली चिंधी पाळीसाठी, कुठली बाटली पाण्यासाठी, कुठला पुठ्ठा थंडीत पाठीखाली घालायला. त्याच संध्याकाळी पोस्टातल्या बाई घरून एक जुनी पण धुतलेली चादर घेऊन आल्या आणि "घरात नुसती पडली होती" म्हणत ओसरीवर ठेवून गेल्या.

खरी गंमत आमच्या बाईची. तिच्या स्वयंपाकघरात कधी काही उरत नाही, हे आमच्या घराण्यात सगळ्यांना माहीत आहे. मोजून कणीक मळते. आगंतुक पाहुणा आला तर त्याला मिळतो तो चहा. पण त्या दिवसांत तिच्याकडे रोज दोन पोळ्या 'उरायला' लागल्या. डब्यात घालून आणायची. एकदा मी हात लावून पाहिला, डबा गरम होता.

"बाई, उरलेल्या पोळ्या गरम?"

"तू पुस्तक वाच, मास्तरीन. डबे नोको वाचू."

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "माही बहीन पुस्तकानं सुधरली तं कोळशाच्या खानीतून दूध निंगन." हा माणूस माजरीच्या खाणीत आयुष्य काढून आला आहे, त्याला कोळशाबद्दल बोलायचा अधिकार आहे. पण मी मनातून फुलले होते, कबूल करते. वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले, वाचनानं माणूस बदलतो. मुलं जांभया देतात. आणि इथे डोळ्यांदेखत अख्खं महिला मंडळ बदलत होतं, तेही माझ्या वाचण्यानं. चालताना माझी मान थोडी ताठ झाली असावी, कारण शेजारीण विचारून गेली, मान धरली का.

ट्रकाचं नाव आता कोणी काढत नव्हतं. काढायची गरजच नव्हती. ट्रक आमच्या मनातून कधीच निघून गेला होता. आता चर्चा वेगळीच होती: तिला चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं, पण आधी डॉक्टर की आधी आंघोळ, यावर मंडळात दोन गट पडले. पुस्तकात लिहिलं होतं की आधी विचारावं. हे मी वाचून दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग आंघोळीचा गट जिंकला.

समारोपाच्या आदल्या संध्याकाळी वंदना झाल्यावर आम्ही सगळ्या मिळून ओसरीवर गेलो. विहारात यायचं म्हणून सगळ्यांच्या अंगावर पांढरी लुगडी. एकीच्या हातात बादली, एकीच्या हातात साबण, एकीकडे नखं काढायचं यंत्र, बाईच्या हातात तिच्यासाठी घेतलेली नवी साडी. तीही पांढरी, कारण उद्या समारोपात ती वेगळी दिसायला नको. चेहऱ्यांवर एवढी करुणा की ती पाहून कोणीही दचकावं.

तिनं आमच्याकडे पाहिलं. मग उठली. घाईघाईनं तिन्ही बोचकी बांधली, गंज काखेत मारला आणि फाटकातून बाहेर पडली. पळाली नाही, पण तिचा वेग आम्हाला गाठता येण्यासारखा नव्हता. आमच्यात तीन जणींचे गुडघे गेलेले, एकीच्या हातात भरलेली बादली. बादली घेऊनच ती कोपऱ्यापर्यंत धावली, हे मात्र सांगायलाच हवं.

"आता काऊन गेली बाप्पा?" बाई तिथंच उभी राहिली.

उत्तर माझ्याकडे तयार होतं. पुस्तक तेव्हा काखेतच होतं. त्यातली लेखिका पांढऱ्या कपड्यांना घाबरते, पांढरे कपडे घातलेली माणसं घोळक्यानं आली की तिला वाटतं, आता धरून नेणार, सुई टोचणार. मी ते पान काढून तिथंच, रस्त्यावर, वाचून दाखवलं. सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. बाईनं कपाळावर हात मारला.

"उद्या कोनी पांढरं घालाचं नाई!" तिनं फर्मान काढलं.

त्यामुळे आमच्या विहाराच्या इतिहासात पहिल्यांदाच वर्षावासाचा समारोप रंगीत झाला. पोपटी, राणी, हळदी, जांभळा. भन्तेजी आत आले आणि दारात जरा थबकले. त्यांना वाटलं असावं, आपण लग्नात आलो. विचारलं मात्र नाही काही. पंचशील झालं, प्रवचन झालं, खीर झाली. ओसरीचा कोपरा रिकामा होता, आणि चंद्रपूरच्या पाहुण्यांना दाखवायला आता तो अगदी स्वच्छ होता. शेवटी तीनदा 'साधू' म्हणताना आम्ही सगळ्यांनी प्रत्येक वेळी जरा थांबून पाहिलं. बाहेरून काही आलं नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं. बाईनं खीर खाल्लीच नाही, एका डब्यात काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई ट्रक घेऊन विहारापुढे उभा. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. "बसवा लवकर," म्हणाला, "मले उशीर होते." बाईनं त्याच्यावर जे तोंड सोडलं, ते ऐकून तो बिचारा रिकाम्या केबिननं निघून गेला. जावयाला असं बोललेली सासू मी आमच्याकडे दुसरी पाहिली नाही.

तेवढ्यात माझ्या नवऱ्याच्या खाणीतल्या जुन्या सोबत्याचा फोन आला; त्याला आम्ही तिचं वर्णन सांगून ठेवलं होतं. तशी एक बाई माजरीच्या स्टेशनावर बसली आहे, म्हणाला, आदल्या दिवसापासून.

आम्ही दोघी ऑटोनं गेलो. बाई पोपटी लुगड्यात, मांडीवर खिरीचा डबा. मी पुस्तक घेतलं होतं, लागलं तर असावं म्हणून. वाटेत मी बाईला दोनदा बजावलं: घोळक्यानं जायचं नाही, हात धरायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही.

"हो नं माय," बाई म्हणाली. "मले आता पाठ हाय तुहं पुस्तक."

ती फलाटाच्या टोकाला शेवटच्या बाकावर होती. कोळशाच्या धुळीनं बाक काळा, ती काळी, बोचकी काळी. पोस्टातल्या बाईंची चादर मात्र घडी करून मांडीवर होती. आम्हाला पाहून ती उठली नाही. बाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली, मी उभी राहिले. समोरून कोळशाची मालगाडी गेली, संपता संपेना अशी.

मग बाई बोलली, तिच्या मानानं अगदी हळू. "आमी सगळ्या पांढरे लुगडे घालून आलो म्हून भेली का व तू?"

तिनं बाईकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग पुन्हा बाईकडे.

"पांढऱ्याले काऊन भेऊ?" ती म्हणाली. "तुमी तं रोजच घालता."

मी पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"मंग काऊन गेली?"

"ट्रक होता ना," ती म्हणाली. "पुनवेच्या दुसऱ्या रोजी. सिमिटाचा. तुमी पायरीवर बोलून राह्यल्या होत्या, म्या आयकलं." ती चादरीची घडी सारखी करत होती. "तुमी बादली आनली, नवं लुगडं आनलं, मले समजलं, आता धाडतेत. म्हनलं, ट्रकवाल्याले काऊन तरास. आपनच जातो."

इतके दिवस मी खिडकीशी बसून वाचत होते आणि ती बाहेर बसून ऐकत होती. आमची वंदना ती ऐकत होती, पुस्तक ऐकत होती, आमचा चहा, आमची भांडणं, सगळं. ट्रकाचं आम्ही तिच्यापासून चार हातांवर बसून, नेहमीच्या आवाजात ठरवलं होतं, भिंतीसमोर बोलावं तसं. आणि मग एका पुस्तकानं आमची मनं बदलली म्हणून आम्ही खूश होतो. ती मनं घेऊन ती काय करणार होती? पोळ्या गरम झाल्या, चादर आली, नवी साडी आली, आणि ती ट्रकाचा दिवस जवळ येताना पाहत एकटी ओसरीवर बसून होती. मला तिथं उभं राहवेना. तिला माझं तोंड दिसू नये म्हणून मी बाकाच्या मागे जाऊन उभी राहिले.

"ट्रक नाई व," बाई म्हणाली. तिनं पदर डोळ्यांना लावला. मी तिला आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, तिचा नवरा गेला तेव्हाही नाही. "ट्रक कवाच क्यान्सल झाला. लय दिवस झाले."

"हो का?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती चौकशी होती. "मले नाई सांगतलं कोनं."

बाईनं डबा उघडला, तिच्याकडे सरकवला. तिनं खीर बोटानं चाखली, मग गंजात ओतून घेतली आणि खायला लागली. खाताना मधेच थांबली.

"ट्रक नाई?"

"नाई."

"कोनाचाच?"

"कोनाचाच नाई. तुले कोनी कुठी धाडत नाई. तुले यायचं असन तं ये, नसन तं मी डबा इथी आनतो."

तिनं उरलेली खीर संपवली. गंज उलटा करून झटकला, पदरानं पुसला.

"पुन्यांदा सांग," ती म्हणाली.

बाईनं पुन्हा सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमानं. तिनं मान हलवली आणि परत म्हणाली, पुन्यांदा. दुपारची पॅसेंजर आली, माणसं उतरली, चढली, गाडी गेली. बाई सांगत होती, आणि ती दर वेळी पहिल्यांदा ऐकावं तशी ऐकत होती.